शेंगा चटणी आणि पेंडीसाठी नियोजेनची मॉलिक्युलर चाचणी: यंत्र उत्तम, पण कस आदल्या दिवशी लागतो

साल्मोनेला या अन्नातून आजार पसरवणाऱ्या जंतूच्या कल्चर चाचणीत (जंतू वाढवून बघण्याच्या जुन्या पद्धतीत) निगेटिव्ह म्हणायलाही तीन-चार दिवस जातात. तोवर चटणीचा माल मुंबईच्या दुकानात आणि खाद्य कोंबड्यांच्या पोटात गेलेलं असतं. म्हणून नियोजेनची (पूर्वी थ्रीएमची) मॉलिक्युलर डिटेक्शन सिस्टिम, म्हणजे जंतूचा डीएनए ओळखणारं यंत्र, सोलापूरच्या चटणीवाल्यांनी आणि खाद्य कारखान्यांनी गांभीर्याने बघावी अशी आहे. आज नमुना लावला की उद्या निकाल.

काम सोपं आहे. २५ ग्रॅम नमुना पिशवीत २२५ मिलि बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये (जंतू वाढवणाऱ्या पोषक द्रवात) घालून ३७ अंशांवर १८ ते २४ तास ठेवायचा. त्यातले २० मायक्रोलिटर लायसिस ट्यूबमध्ये (जंतू फोडून डीएनए मोकळा करणाऱ्या नळीत) घालून १०० अंशांवर १५ मिनिटं तापवायचे. गुलाबी द्रव पिवळा होतो, थंड झाला की पुन्हा गुलाबी. रंग बदलला नाही तर ट्यूब तापवणारा ब्लॉक नीट तापलेला नाही, पुढे जाऊ नका. मग त्यातले २० मायक्रोलिटर रिएजंट ट्यूबमध्ये, म्हणजे डीएनए वाढवणारी रसायनं असलेल्या नळीत. यंत्र ६० अंशांवर स्थिर राहून डीएनए वाढवतं, पीसीआर या डीएनए वाढवण्याच्या नेहमीच्या पद्धतीसारखं तापमान वरखाली करत नाही. एका फेरीत ९६ ट्यूब बसतात आणि लिस्टेरिया या दुसऱ्या जंतूच्या ट्यूबही त्याच फेरीत चालतात. ही सोय खरंच मोठी आहे.

निकाल बिघडतो तो आदल्या दिवशी, नमुन्याच्या पिशवीत. शेंगा चटणीत लसूण असतो आणि त्यातलं अॅलिसिन साल्मोनेलाला वाढूच देत नाही. जंतू वाढला नाही तर यंत्राला दिसणार काय? निगेटिव्ह येतो आणि आपण निर्धास्त होतो. यंत्रातलं अंतर्गत कंट्रोल इथे कामाला येत नाही. प्रतिक्रिया अडली तर ते सांगतं, पिशवीत जंतू वाढलाच नाही हे सांगत नाही. उपाय म्हणजे पेप्टोन वॉटरमध्ये ०.५ टक्के पोटॅशियम सल्फाइट. शेंगदाण्याचं तेल वर तरंगतं, तेव्हा जाळीची पिशवी घ्या आणि पिपेट तेलाच्या थराखालून भरा.

कोंबडीखाद्यात वेगळी अडचण. फॉर्मिक आम्ल मारलेलं खाद्य पेप्टोन वॉटरचा पीएच खाली ओढतं. मिसळल्यावर पीएच मोजा, ७ च्या आसपास आणा, मगच इन्क्युबेटरमध्ये ठेवा. पेंड आणि फिशमीलमध्ये (मासळीच्या पुडीत) जंतू गठ्ठ्याने असतो, सगळीकडे सारखा नसतो. एकाच पोत्यातून घेतलेल्या २५ ग्रॅमला फारसा अर्थ नाही. खाद्याची पेलेट (गोळी) वाफेने तापते तेव्हा बरेच जंतू मरतात, पण पेलेट थंड करणाऱ्या कूलरमधल्या धुळीतून ते परत येतात. त्यामुळे कूलरची धूळ तपासणं तयार मालाइतकंच महत्त्वाचं.

सोलापूरचा उन्हाळा हा आणखी एक प्रश्न. बाहेर ४२ अंश असताना फक्त हीटर असलेला साधा इन्क्युबेटर ३७ वर येऊच शकत नाही. थंड करण्याची सोय असलेला बीओडी इन्क्युबेटरच हवा. रिएजंट २ ते ८ अंशांत ठेवायचे असतात. फेरी चालू असताना वीज गेली तर ती फेरी वाया, म्हणून यंत्राला यूपीएस लागतोच.

एक सक्त नियम: चाललेली रिएजंट ट्यूब कधीही उघडू नका. आत डीएनएच्या कोट्यवधी प्रती असतात. एक थेंब सांडला तर पुढचे कित्येक दिवस खोटे पॉझिटिव्ह येत राहतील. ट्यूब बंदच ठेवून, तयारीच्या खोलीपासून लांब, ब्लीचच्या द्रावणात टाका.

पॉझिटिव्ह आला की माल थांबवा, पण उरलेल्या पेप्टोन वॉटरमधून कल्चर करूनच तो पक्का करा. निकाल लागेपर्यंत पिशवी फेकू नका.

आठवड्याला चार-पाच नमुने असतील तर यंत्र घेऊ नका, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेकडे पाठवा. मात्र पाठवताना नमुन्यात लसूण किंवा आम्ल आहे हे फॉर्मवर ठळक लिहा आणि त्यांनी त्यासाठी काय केलं ते अहवालात मागा.