'नॉर्दर्न लाइट्स': जून ते दिवाळी, रोज रात्री थोडं थोडं

लेक ११ वर्षांची. जूनमध्ये मागवलेलं पुस्तक दिवाळीच्या सुट्टीत संपलं. फिलिप पुलमनचं हे पुस्तक १९९५ सालचं. अमेरिकेत 'द गोल्डन कंपास' नावाने मिळतं, तेव्हा चुकून दोन्ही घेऊ नका. रात्री मी इंग्रजीतून वाचायचे, अडेल तिथे मराठीत सांगायचे.

सुरुवात जड आहे. ऑक्सफर्डचं कॉलेज, तिथले म्हातारे विद्वान, 'डस्ट' नावाची गूढ भानगड. दोनदा बाजूला पडलं. या गोष्टीत प्रत्येक माणसाचा जीव प्राण्याच्या रूपात शरीराबाहेर, सोबत वावरतो; तो डीमन. म्हणजे काय, लेकीने विचारलं. मी म्हटलं, राक्षसाचा जीव पोपटात असायचा ना, तसं काहीसं. "पण हा पोपट भांडतो पण!" इति कन्या. लहान मुलांचे डीमन रूपं बदलतात, वयात आल्यावर एकच रूप कायम होतं. तेव्हापासून आमच्याकडे पाहुणा आला की 'याचा डीमन कोणता?' अशी कुजबुज सुरू. (मावशीची साळुंकी ठरलीय. तिला सांगितलेलं नाही.)

पकड बसली ती सुक्या माशापाशी. पळवून नेलेल्या रॉजरला, स्वयंपाकघरातल्या पोऱ्याला, सोडवायला गोष्टीची नायिका लायरा उत्तरेकडे निघते. वाटेत टोनी हा असाच पळवलेला मुलगा सापडतो. त्याचा डीमन कापून वेगळा केलाय आणि त्याच्या जागी पोराने सुका मासा छातीशी धरलाय. तो मरतो, आणि कोणीतरी तो मासा कुत्र्यांना घालतं. लायरा भडकते, मग सोन्याच्या नाण्यावर डीमनचं नाव कोरून टोनीच्या तोंडात ठेवते. इथे मला वाचता येईना.

पळवलेल्या पोरांना जिथे ठेवलंय, त्या बोल्वांगारमधली सुटका मात्र झकास. गॅस सोडायचा, हवेत पीठ उधळायचं आणि धूम ठोकायची! लायराच्या मदतीला अस्वल येतं, पण आधी पोरांचीच अक्कल चालते. आता गॅस चालू असला की लेक मला कणीक चाळू देत नाही.

तक्रारी: तिसऱ्या महिन्यात आमच्या प्रतीची पानं सुटली, चिकटपट्टीवर निभावलं. अक्षरही बारीक. आणि शेवट... सांगत नाही, पण 'मैत्रीची साहसकथा' म्हणून लहान मुलांच्या हाती एकट्याने वाचायला देऊ नका. २३वं प्रकरण संपल्यावर ती न बोलता कूस बदलून झोपली.

पुढचा भाग, 'द सटल नाइफ', आणून ठेवलाय. अजून वरचं प्लॅस्टिकही निघालेलं नाही. "थांब गं आई, आधी रॉजरचं होऊ दे," म्हणते.