पंप, हॉटेल, टोलनाका की एसटी स्टँड? गाडीनं निघताना बाथरूमसाठी कुठं थांबावं

पुणे ते कोल्हापूर हा रस्ता माझ्या पायाखालचा आहे. माहेर कोल्हापूरला, नोकरी पुण्यात, त्यामुळे वर्षातून आठ-दहा फेऱ्या होतात. अंतर साधारण २३० किलोमीटर. गेली तीन वर्षं बहुतेक वेळा आई सोबत असते. तिला मधुमेह आहे, गुडघे धरलेत, आणि बीपीची गोळी अशी की तास-दीड तासाच्या वर थांबवत नाही. निघायचं ठरलं की ही बाई आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणंच सोडते, हे मला फार उशिरा कळलं. "वाटेत कुठं बसवणार आहेस मला?" एवढंच म्हणाली, आणि माझ्या पोटात कालवलं.

मधुमेह असलेल्या माणसानं उपाशी-तहानलेलं राहून प्रवास करणं धोक्याचं. लघवी दाबून ठेवली, वर पाणीही कमी प्यालं, की संसर्गाला आमंत्रणच. तरीही आपल्याकडे लाखो बायका हेच करतात. गाडी चालवणारा पुरुष असेल तर त्याची सोय कुठल्याही झाडाच्या आडोशाला होते, म्हणून त्याचं उत्तर ठरलेलं असतं, "पुढे बघू." त्या 'पुढे बघू'मध्ये पन्नास किलोमीटर कधी जातात कळत नाही.

तेव्हापासून मी थांबे आधी ठरवते. सोबत म्हातारं माणूस आहे, लहान मूल आहे, की एकटी बाई रात्री गाडी चालवतेय, यावर थांबा बदलतो. कुठला कुणासाठी बरा, ते अनुभवावरून सांगते.

पेट्रोल पंप

सगळ्यांना आधी आठवतो तो पंप, आणि दिवसाउजेडी, घाईच्या वेळी तोच सर्वांत सोयीचा. रस्त्याला लागून असतो, गाडी वळवली की पोचलो, पाच मिनिटांत काम होतं. तेल कंपन्यांच्या नियमांनुसार टायरची हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह या सोयी पंपानं फुकट द्यायच्या असतात. तक्रारवहीही ठेवावी लागते आणि मागितल्यावर दाखवावी लागते. त्यामुळे तिथं बाथरूम विचारताना ओशाळून बोलायचं काही कारण नाही.

अडचण असते ती चावीची. पुरुषांचं दार सताड उघडं, आणि बायकांच्या दाराला कुलूप. कारण विचारलं तर "घाण करून जातात लोक" असं सांगतात. चावी तारेनं एखाद्या लाकडाच्या तुकड्याला बांधून ऑफिसातल्या खिळ्यावर टांगलेली असते, आणि ती चार पुरुषांसमोर मागावी लागते. एका संध्याकाळी कराडच्या पुढं एका पंपावर मला उत्तर मिळालं, "मॅनेजर जेवायला गेलेत, चावी त्यांच्या खिशात आहे." आई गाडीत दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. आम्ही पुढच्या पंपापर्यंत अकरा किलोमीटर गेलो. त्या अकरा किलोमीटरांत ती एक शब्द बोलली नाही.

तेव्हापासून माझा नियम एकच: पेट्रोल टाकायच्या आधी विचारायचं. "दादा, लेडीज बाथरूम उघडं आहे ना?" आधी एकीनं जाऊन बघून यायचं, कडी लागते का, नळाला पाणी आहे का, दिवा लागतो का. मगच टाकी भरायची. गिऱ्हाईक जाईल म्हटल्यावर चावी लवकर सापडते, हे मी कितीदा तरी पाहिलंय. पेट्रोल घ्यायचं नसलं तरी विचारायला हरकत नाही, पण घ्यायचंच असेल तर हा क्रम ठेवा.

पंपवाल्यांचीही बाजू आहे. केरळमध्ये २०२५ साली पंपचालकच उच्च न्यायालयात गेले होते, की आमची स्वच्छतागृहं सरसकट सगळ्या जनतेसाठी सार्वजनिक ठरवू नका. सफाईचा खर्च मालकाच्या अंगावर पडतो, आणि एकाच पोराला पेट्रोल सोडायचं नि बाथरूमही धुवायचं काम असलं की काय होणार ते दिसतंच. मला त्यांची अडचण समजते. पण महामार्गावरच्या बाईला दुसरा पर्याय नसतो, म्हणून कुलूप मला कधीच पटणार नाही.

कंपनी स्वतः चालवते ते पंप सहसा बरे असतात. महामार्गावरचे मोठे, ट्रकवाल्यांसाठी जेवण-अंघोळीची सोय असलेले पंप म्हणजे भारत पेट्रोलियमचे 'घर' किंवा इंडियन ऑइलचे 'स्वागत', तिथं पाणी आणि जागा दोन्ही मुबलक. गुडघेदुखीवाल्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं, लहान पंपांवर बहुतेक ठिकाणी भारतीय पद्धतीचंच भांडं असतं, आणि धरायला दांडा नसतो.

हॉटेल आणि फूड मॉल

आई सोबत असेल तर मी पंपापेक्षा हॉटेल निवडते, आणि त्यासाठी अर्धा तास जास्त गेला तरी चालतो. कमोड मिळतो, हात धुवायला बेसिन-साबण असतो, दिवसभर माणसं असल्यामुळे कुणीतरी फडकं मारत असतं. चहा घेतला की अवघडलेपणही उरत नाही. पण हॉटेलात शिरताना पदार्थांची पाटी वाचायच्या आधी मी मागं जाऊन येते. बऱ्याच जुन्या हॉटेलांत बाथरूम इमारतीच्या मागं, चार-पाच पायऱ्या उतरून, आणि त्या पायऱ्या कायम ओल्या. शेवाळलेल्या फरशीवर सत्तरीची बाई घसरली तर प्रवास दवाखान्यात संपतो. आत जाऊन फरशी कोरडी आहे का, कमोड हलत नाही ना, पदर किंवा पिशवी अडकवायला खुंटी आहे का, एवढं पाहिलं की मग टेबल धरायचं.

एसटीची किंवा खासगी बस नुकतीच थांबलेली असेल तर दहा मिनिटं गाडीतच बसा. पन्नास माणसं उतरतात, बायकांची रांग बाहेरपर्यंत येते, आणि ती ओसरल्यावर मावशी एकदा पाणी मारून जातात. त्यानंतरची वेळ सर्वांत चांगली.

रात्री एकट्या बाईनं 'बार अँड रेस्टॉरंट' पाटीच्या ठिकाणी उतरू नये असं मी स्पष्ट सांगेन. स्वच्छ असलं तरी नको. त्यापेक्षा टोलनाका.

टोलनाका

हा पर्याय अनेकांना माहीतच नसतो. नाक्याच्या बाजूला स्वच्छतागृहाची बैठी इमारत असते, रात्रभर दिवे, कॅमेरे, माणसं. पुण्याहून कोल्हापूरकडे जाताना खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे नाके लागतात, आणि अंधार पडल्यावर मी दुसरीकडे कुठं थांबत नाही. त्रास एवढाच की आधीपासून डावीकडे राहावं लागतं. फास्टॅगच्या मधल्या रांगेत शिरलात की गाडी सरळ पुढं, मग मागं येता येत नाही.

स्वच्छतेची खात्री देता येत नाही, कधी चकचकीत, कधी नळच बंद. पण इथं तक्रार कुणाकडं करायची ते तरी पक्कं असतं. राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाइन १०३३ आहे. २०२५ साली महामार्ग प्राधिकरणानं ऑक्टोबरअखेरपर्यंत एक योजना चालवली होती. टोलनाक्यावरच्या अस्वच्छ स्वच्छतागृहाचा फोटो 'राजमार्गयात्रा' ॲपवर टाकायचा, आणि तक्रार खरी निघाली की फास्टॅगमध्ये १,००० रुपये. प्राधिकरणाच्या ताब्यात नसलेले पंप आणि ढाबे त्यात धरले नव्हते. म्हणून तक्रार करण्याआधी जागा कुणाची ते बघावं. टोलनाका असेल तर १०३३, पंप असेल तर तिथली तक्रारवही किंवा तेल कंपनी, हॉटेल असेल तर मालक.

एसटी स्टँड आणि सुलभ

स्वतःची गाडी असलेले एसटी स्टँडला सहसा नाक मुरडतात. पण आडवाटेला, महामार्ग सोडून तालुक्याच्या गावात शिरलात तर हमखास सापडणारी जागा हीच. १ जून १९४८ ला नगर ते पुणे पहिली एसटी धावली, तेव्हापासून गावोगावी स्टँड झाले, आणि स्टँड म्हटला की बाथरूम आलंच. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून बायकांच्या बाजूची रांग वाढलेली मला तरी स्पष्ट दिसते. संडासांची संख्या मात्र तेवढीच.

स्टँडवर सुट्टे पैसे हातात ठेवा. बऱ्याच ठिकाणी पुरुषांना मुतारीचे पैसे पडत नाहीत आणि बाईकडून मात्र घेतात. मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेल्या 'राइट टू पी' मोहिमेनं नेमका हाच मुद्दा उचलला होता. पाटीवर 'लघवी निःशुल्क' लिहिलेलं असेल तर ती पाटी दाखवून शांतपणे नाही म्हणा. मी म्हणते. वाद होत नाही, समोरचा खाली बघतो.

एसटीनंच प्रवास करत असाल तर उतरताना कंडक्टरला सांगून उतरा, आणि गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे डोक्यात ठेवा. एकसारख्या चार लालपऱ्या उभ्या असतात.

शहरात शिरल्यावर सुलभ शोधा. बिंदेश्वर पाठक यांनी १९७० मध्ये सुलभची सुरुवात केली, आणि पैसे भरून वापरायच्या स्वच्छतागृहाची सवय देशाला लावली. माझा अनुभव असा, की दारात पैसे घ्यायला माणूस बसलेला असेल तर आत पाणी असतं. टेबल रिकामं असेल तर पुढची जागा बघा.

जिथं निवड करायला वावच नाही

द्रुतगती मार्गावर हे सगळं गणित बदलतं, कारण मनात येईल तिथं उतरता येत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जेमतेम ९४.५ किलोमीटरचा, पण सुट्टीच्या दिवशी बोरघाटात गाड्या अडकल्या की दोन तास हलत नाहीत. घाट चढायच्या आधी खालापूरला, आणि पुण्याहून जाताना तळेगाव-उर्सेच्या पट्ट्यात उतरायचंच. लागली असो वा नसो, मुलांनाही उतरवायचं.

समृद्धी महामार्ग तर ७०१ किलोमीटरचा. नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, तेव्हा वाटेतल्या सोयींची वानवा होती, आणि त्या काळात गेलेल्या बायकांकडून ऐकलेले हाल मी इथं लिहीत नाही. आता पंप आहेत, पण एक चुकला की पुढचा बराच लांब. तिथं मी पाटी दिसेल तिथं थांबते, निवड करत बसत नाही.

गूगल मॅपवर 'सार्वजनिक शौचालय' टाकून शोधता येतं. जागा दिसते, कुलूप दिसत नाही. लोकांनी टाकलेले फोटो आणि त्यांची तारीख बघा. चार वर्षांपूर्वीचा फोटो असेल तर तो धरू नका.

मग निवडावं काय

गुडघे दुखणारं माणूस सोबत असेल तर हॉटेल, कमोड आधी बघून. लहान मूल असेल तर पंप, कारण ते सांगतं तेव्हा पाच मिनिटंही नसतात. रात्र असेल तर टोलनाका. पाळी चालू असेल तर पुन्हा हॉटेल किंवा फूड मॉल, कारण पंपावर कचऱ्याचा डबा क्वचितच असतो. तरीही पर्समध्ये जुना कागद आणि काळी पिशवी ठेवाच. गाडीत एक लिटरची पाण्याची बाटली फक्त याच कामासाठी वेगळी ठेवा, तिच्यावर खूण करून. नळ बंद निघाला की तीच उपयोगी पडते. एक छोटी टॉर्चही.

आमचे थांबे आता ठरलेत. सकाळी सहाला निघायचं, खंबाटकीच्या आधी शिरवळला चहा, दुसरा थांबा तासवडे, आणि गरज पडलीच तर पेठ नाक्याजवळचा एक पंप, जिथं बायकांच्या दाराला कुलूप मी अजून पाहिलेलं नाही. गाडीत बसल्या-बसल्या ही तिन्ही नावं मी आईला सांगते, किती वाजता कुठं, तेही. मागच्या खेपेला शिरवळला तिनं चहाच्या आधी पोऱ्याकडं पाणी मागितलं, आणि ग्लास पूर्ण संपवला.