वर्गातला प्रोजेक्टर, सात महिन्यांनी: काचेचा अपवर्तनांक (काचेत शिरताना किरण किती वळतो याचं माप) 1.38 का येतो?

खानापूर भागातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात एलईडी प्रोजेक्टर, जुना लॅपटॉप आणि फेट (PhET, विज्ञानाच्या सिम्युलेशनची मोफत वेबसाइट) यावरचं अपवर्तनाचं सिम्युलेशन यांवर दहावीचा प्रकाश शिकवून सात महिने झाले. सुरुवातीचा शेरा 'बघायला छान, मोजायला निरुपयोगी' असा होता. तो मागे घ्यावा लागतोय.

हवेतून काचेत 45 अंशांनी किरण सोडला की आत 28 अंश मिळायला हवेत. मुलांनी भिंतीवर फळ्याचा लाकडी कोनमापक धरला, तर 53 आणि साडेपस्तीस! दोन्ही कोनांच्या साइनचं गुणोत्तर, म्हणजेच अपवर्तनांक, 1.5 ऐवजी 1.38. चित्रातला कोनमापक मात्र 45च दाखवतो, कारण तोही चित्राबरोबर ताणलेला. बेळगावच्या दुकानदाराने लेन्सला दोष देऊन दुरुस्तीचा खर्च सांगितला. तो देऊ नका, एक रुपयाही लागत नाही.

लॅपटॉपचं चित्र 1024 बाय 768 ठिपक्यांचं, म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण 4:3. प्रोजेक्टर ते 16:9 मध्ये पसरवतो. उंची तीच, रुंदी एक तृतीयांशाने जास्त. आडव्या आरशाच्या परावर्तनात हे कळतच नाही, दोन्ही बाजू सारख्याच ताणल्या जातात आणि कोन समान येतात. चूक उघडी पडते ती अपवर्तनात.

प्रोजेक्टरच्या मेनूत आस्पेक्ट रेशो (हेच रुंदी-उंचीचं प्रमाण) 4:3 करा. मग पडद्यावर एक वर्तुळ आणून टेपने त्याची रुंदी आणि उंची मोजा, दोन्ही सारखी हवीत. हे दर तासिकेला करा, कारण केबल बदलली की सेटिंग कधीकधी परत फिरतं.

प्रोजेक्टर बाकावरून वर तिरका केला तर चित्र वरून रुंद होतं, कोन पुन्हा बिघडतात. कीस्टोन या मेनूतल्या दुरुस्तीने ते सरळ दिसतं, पण पॅनेलचा (प्रोजेक्टरमधल्या चित्र बनवणाऱ्या पट्टीचा) काही भाग वाया जाऊन अक्षरं पुसट होतात. त्यापेक्षा बाकावर बाक चढवा आणि वरची-खालची रुंदी सारखी येईपर्यंत उंची जुळवा.

बाकी तक्रार नाही. सिम्युलेशनची फाईल एकदा उतरवली की नेटशिवाय मराठीत चालते. करंट गेला तरी एलईडीला जुन्या दिव्याच्या प्रोजेक्टरसारखा धोका नाही. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

काचेची चीप आणि टाचण्या मात्र कपाटात टाकू नका. मुलांनी आधी चीप-टाचण्या वापरून कोन मोजावेत, मग भिंतीवरचे.