कुकमची स्पेन्सर गॅलरी: निम्मं प्रदर्शन भिंतींबाहेर

थेम्सकाठच्या कुकम गावातली स्टॅन्ली स्पेन्सर गॅलरी म्हणजे मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचं जुनं प्रार्थनाघर. एक दालन, वर छोटा माळा, संपलं. एवढ्यासाठी लंडनहून यायचं? हो, पण गाव हिंडायची तयारी असेल तरच. चित्रकार स्पेन्सर (१८९१–१९५९) याच रस्त्यावरच्या घरात जन्मला, लहानपणी याच प्रार्थनाघरात यायचा, आणि बायबलमधले प्रसंग त्याने सरळ या गल्ल्यांत आणून बसवले.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो होड्यांच्या शर्यतीत प्रवचन देणाऱ्या ख्रिस्ताच्या भल्यामोठ्या चित्राला. ख्रिस्त बसलाय वेताच्या खुर्चीत, तीही नावेत! चित्र अपुरं राहिलं हे पाहणाऱ्याच्या पथ्यावरच पडलं आहे. स्पेन्सर चौकटी आखून रेखाटन कॅनव्हासवर उतरवायचा आणि मग एकेक तुकडा पुरा रंगवत जायचा. म्हणून इथे पक्क्या रंगवलेल्या माणसांशेजारी नुसत्या पेन्सिलीच्या रेषा दिसतात. रंगसामान वाहायची त्याची बाबागाडीही इथेच आहे.

बरेच जण फसतात ते एका गोष्टीत: कुकमच्या दफनभूमीतून मृत उठतात ते प्रसिद्ध चित्र इथे नाही, ते लंडनच्या टेट संग्रहात आहे. मात्र ती दफनभूमी चर्चभोवती, चालत पाच मिनिटांवर. स्पेन्सरचा स्मृतिदगडही तिथेच.

पुढे १८६७चा लोखंडी पूल. १९४७पर्यंत इथे टोल होता. थेम्सवरच्या राजहंसांच्या वार्षिक गणतीचं चित्र स्पेन्सरने १९१५मध्ये सुरू केलं, युद्धावर गेला, परतून १९१९मध्ये पुरं केलं. त्यातला पूल हाच. गणती आजही जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात होते. पुलापासून प्रवाहाच्या दिशेने मात्र काठाकाठाने जायला मिळेल असं धरून चालू नका. थेम्सची पायवाट इथे नदी सोडून आत वळते.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून मेडनहेड, तिथे मार्लोची गाडी. ती साधारण तासाला एक, म्हणजे चुकली की तास गेला. कुकम स्टेशनपासून गॅलरी चालत पंधरा मिनिटं. वाटेतल्या कुरणातली उंच पायवाट शोभेची नाही, पुराचं पाणी तिथवर चढतं. हिवाळ्यात बूट जाड घाला. गॅलरीचे दिवसही हिवाळ्यात कमी होतात आणि लहान जागेमुळे चित्रं आलटूनपालटून लावतात, तेव्हा निघण्याआधी दोन्ही तपासा.