बेळगावात खातं कुठे उघडायचं? तारे बघा, पण नीट बघा

गूगल मॅपवर बँकेचं नाव टाकलं की शहापूर, टिळकवाडी, कॅम्प अशा प्रत्येक शाखेचे तारे वेगवेगळे दिसतात. ते बरंच आहे, कारण आपला संबंध बँकेपेक्षा काउंटरमागच्या चार माणसांशीच जास्त येतो. प्ले स्टोअरवरचे तारे मात्र ॲपचे. ॲप झकास पण शाखेत कुणी दाद देत नाही, असंही असतं.

समजा, गल्लीतल्या सहकारी बँकेला ४.६ आणि बाजारातल्या सरकारी बँकेला ३.२ आहेत. पहिलीला मत देणारे २० जणच असतील, तर पाच चिडलेल्यांनी एकेक तारा दिला की ती ३.९ वर येते. दुसरीला ४०० जणांची मतं असतील तर त्याच पाच जणांनी तिला काही फरक पडत नाही. शिवाय पेन्शन, पीककर्ज, अनुदान यांची सगळी गर्दी सरकारी बँकेत. काम झालेला माणूस गुपचूप घरी जातो, न झालेला लिहितो.

खासगी बँकांचे तारे मला जरा जास्तच चकचकीत वाटतात. ‘अमुक सरांनी खूप छान मदत केली’ अशी पाच ताऱ्यांची वाक्यं एकाच आठवड्यात ओळीने आली, तर ती मागून घेतलेली समजा. तिथले एका ताऱ्याचे अभिप्राय आधी वाचा. किमान शिल्लक ठेवली नाही म्हणून कापलेले पैसे, गळ्यात मारलेला विमा, हेच पुन्हा पुन्हा दिसतं का ते बघा. किमान शिलकीचा दंड स्टेट बँकेने २०२० मध्ये आणि कॅनरा बँकेने जून २०२५ पासून बचत खात्यांवरून काढून टाकलाय.

आपल्याकडे खरा प्रश्न भाषेचा. सरकारी बँकेत बदल्या होतात. आज मराठी समजणारा क्लार्क असतो, उद्या फक्त कन्नड किंवा हिंदी बोलणारा. म्हणून अभिप्राय वाचताना नवे आधी लावा. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरात विलीन झाली. त्याआधीच्या ताऱ्यांना आता काय अर्थ? खानापूर-निपाणीकडच्या आजी-आजोबांना पैसे काढायची स्लिप भरून देणारा माणूस लागतो, आणि तो सहकारी बँकेत हमखास भेटतो. ॲप तिथे बहुधा साधंच असतं.

एक खबरदारी मात्र घ्या. नकाशावर सौहार्द सोसायटी (कर्नाटकातली एक प्रकारची सहकारी संस्था) आणि पतसंस्थाही बँकेसारख्याच दिसतात, तारेही भरपूर असतात. पण ठेवीवरचं ५ लाखांचं विमा संरक्षण बँकांनाच आहे, सोसायट्यांना नाही. तिथे व्याज थोडं जास्त मिळतं, ते यासाठीच.

बँकेने तक्रारीला काय उत्तर दिलंय तेही वाचा. सगळ्यांना एकच छापील ‘क्षमस्व’ असेल तर समजून जा. एटीएममधून पैसे न येता खात्यातून कापले गेले तर पाच दिवसांत परत जमा व्हायला हवेत, नंतर दिवसाला १०० रुपये भरपाई. बँकेने ३० दिवसांत तक्रारीची दखल घेतली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकटात तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८.

माझं विचाराल तर आईवडिलांची पेन्शन घराजवळच्या, नवे अभिप्राय बरे असलेल्या सरकारी शाखेत, रोजचा व्यवहार सहकारी बँकेत. दिवसभर ऑनलाइन पैसे फिरवणाऱ्या दुकानदाराने मात्र शाखेचे तारे सोडून ॲपचेच बघावेत.