संथ झालेला घरचा कॉम्प्युटर: रॅम, एसएसडी की फॉरमॅट?

पाच-सात वर्षं वापरलेला कॉम्प्युटर रखडायला लागला की दुकानात एक सल्ला हमखास मिळतो, "फॉरमॅट मारून टाका." म्हणजे डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकायचं. कॉम्प्युटरमध्ये मुलांचे फोटो, आयकराचे कागद, सोसायटीचे हिशेब असतील तर एवढ्यावर हो म्हणू नका. माझं मत आधीच सांगतो: आत जुनी हार्ड डिस्क असेल तर पहिला खर्च एसएसडीवर (तिच्या जागी बसणारी वेगवान डिस्क), मग गरज पडली तर रॅम (चालू कामापुरती मेमरी), आणि रीसेट (विंडोजमधूनच विंडोज नव्याने बसवणं) किंवा फॉरमॅट सगळ्यात शेवटी.

आधी दुखणं कुठे आहे ते बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. 'परफॉर्मन्स'मध्ये डिस्कखाली एचडीडी (म्हणजे हार्ड डिस्क) लिहिलंय का, आणि काही न करताही आकडा 100 टक्क्यांना चिकटून राहतो का? तसं असेल तर अडथळा डिस्कचाच आहे. मेमरी भरलेली दिसली तर रॅम कमी पडतेय.

फुकटची साफसफाई सर्वांत आधी करावी: स्टार्टअपमधले (कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप उघडणारे) नको ते प्रोग्राम बंद, दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा, सी ड्राइव्हवर जागा करा. जागा करताना एक जपा: विंडोजच्या 'टेम्पररी फाइल्स'च्या यादीत 'डाउनलोड्स' हाही पर्याय असतो. सरसकट टिक केली तर तिथे साठलेल्या पावत्या आणि मार्कशीट जातील.

रॅम वाढवण्यात फाइलींना हात लागत नाही. 4 जीबीवर ब्राउझरच्या दहा टॅब उघडल्या की विंडोज डिस्कचाच मेमरीसारखा वापर करू लागतं. घरकामाला 8 जीबी पुरते. रॅमच्या पिढ्या असतात, डीडीआर3 च्या जागी डीडीआर4 बसत नाही आणि काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की असते, म्हणून मॉडेल तपासूनच घ्या.

खरा फरक एसएसडीने पडतो. हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर डोकं सरकवून माहिती शोधावी लागते, एसएसडीत फिरणारं काहीच नाही. शिवाय हाच मार्ग फाइलींसाठी सुरक्षितही आहे. यूएसबी अडॅप्टरने नवी एसएसडी जोडून जुन्या डिस्कचं क्लोनिंग (हुबेहूब नक्कल) करायचं, मग अदलाबदल. विंडोज, प्रोग्राम, फोटो सगळं जागच्या जागी राहतं, आणि जुनी डिस्क पुसली नाही तर ती त्या दिवसापर्यंतचा बॅकअप म्हणून कपाटात राहते. दुकानात काम देत असाल तर "क्लोन करा, आणि जुनी डिस्क मला परत द्या" असं स्पष्ट सांगा. डिस्क कटकट आवाज करत असेल तर मात्र क्लोनिंगच्या आधी महत्त्वाच्या फाइली एक्स्टर्नल डिस्कवर उतरवा.

रीसेटमध्ये 'कीप माय फाइल्स' निवडलं की डॉक्युमेंट्स, फोटो राहतात; बाहेरून टाकलेले प्रोग्राम जातात. टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा बऱ्याचदा डॉक्युमेंट्सच्या बाहेर असतो, त्याची प्रत आधी वेगळी काढा. मराठी घरांत आणखी एक अडचण येते. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं, फॉन्ट गेले की इंग्रजी अक्षरांच्या गिचमिडीसारखी दिसतात. फाइल शाबूत असते, पण वाचता येत नाही. त्यामुळे ते फॉन्ट आणि सॉफ्टवेअर सुरू करायचे कोड (लायसन्स की) आधी बाजूला काढून ठेवा. एवढं करूनही डिस्क तीच जुनी राहते.

राहिला नवीन घेण्याचा प्रश्न. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतो, आणि इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. तुमचं मशीन त्यात बसत असेल तर एसएसडी टाकून ते अजून काही वर्षं नीट चालेल. बसत नसेल आणि त्यावर बँकेचे व्यवहार होत असतील, तर पैसे नव्या मशीनसाठी ठेवा. नुसतं वाचन आणि व्हिडिओ असतील तर कोऱ्या एसएसडीवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) टाकून बघायला हरकत नाही, जुनी डिस्क आधी बाहेर काढून.