लक्झर, जेद्दा, तारिफा की डब्बो? पुण्याहून खग्रास सूर्यग्रहण बघायला निघणाऱ्या गटासाठी तुलना

गट करून खग्रास सूर्यग्रहण बघायला जायचं तर दोन चांगल्या संधी लागोपाठच्या वर्षांत आहेत: सोमवार, २ ऑगस्ट २०२७ आणि शनिवार, २२ जुलै २०२८. दोन्ही दिवशी आषाढ अमावस्या, म्हणजे आपल्याकडे ऐन पावसाळा. २०२७ चं ग्रहण पुण्यातून खंडग्रास दिसेल, तेही ढग बाजूला झाले तरच. पावसाळी ग्रहणाचा अनुभव आपल्याला आहेच. २२ जुलै २००९ ला खग्रासपट्टा (जिथून सूर्य पूर्ण झाकलेला दिसतो तो जमिनीचा पट्टा) सुरत, इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा असा देशाच्या मधून गेला आणि अनेक ठिकाणी लोकांना फक्त अंधार अनुभवता आला, सूर्य नाही. २०२७ चं ग्रहण हे त्याच ग्रहणाचं पुढचं आवर्तन आहे. दोन्ही सारोस १३६ या ग्रहणांच्या मालिकेतली, १८ वर्षं ११ दिवस आणि सुमारे आठ तासांच्या अंतराने. त्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून या वेळचा पट्टा पश्चिमेकडे सरकून उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानावर गेला आहे.

तेव्हा प्रश्न ठिकाणाचा: इजिप्तमधलं लक्झर, सौदी अरेबियातलं जेद्दा, दक्षिण स्पेनमधलं तारिफा–कादिझ की ऑस्ट्रेलियातलं डब्बो–सिडनी? आमच्या मते विचार करायचा तो या क्रमाने: आधी आकाश, मग गटातल्या माणसांची तब्येत, मग रस्ते, आणि सगळ्यांत शेवटी खग्रासाची मिनिटं. बहुतेक गट नेमका उलटा क्रम लावतात.

| | लक्झर | जेद्दा | तारिफा–कादिझ | डब्बो–सिडनी |
|---|---|---|---|---|
| दिवस | २ ऑगस्ट २०२७ | २ ऑगस्ट २०२७ | २ ऑगस्ट २०२७ | २२ जुलै २०२८ |
| स्थानिक वेळ | दुपारी १ नंतर लगेच | दुपारी १.२० च्या सुमारास | सकाळी पावणेअकराच्या सुमारास | दुपारी २ च्या सुमारास |
| खग्रास | ६ मि. २० से. च्या आसपास | ६ मि. च्या आसपास | तारिफा साडेचार मि. च्या वर, कादिझ ३ मि. च्या किंचित आत | ४ मि. च्या आसपास |
| सूर्याची क्षितिजापासून उंची | ८२ अंश | ७५ अंशांच्या वर | ३८ अंश | ३० अंश |
| आकाश | जवळपास निरभ्र | ढग कमी, धूळ आणि दमटपणा | बहुधा निरभ्र, पण सामुद्रधुनीत धुकं | हिवाळी, बेभरवशाचं |
| हवा | ४० अंशांच्या पुढे | चाळिशीच्या आसपास, घामट | सुखद, वारा | थंड |

लक्झर. या ग्रहणाचा सर्वांत दीर्घ खग्रास, ६ मिनिटं २३ सेकंदांचा, लक्झरपासून थोड्याच अंतरावर आग्नेयेला आहे. जमिनीवरून इतका लांब खग्रास २११४ पर्यंत पुन्हा मिळणार नाही. ऑगस्टमध्ये तिथलं आकाश जवळजवळ हमखास मोकळं असतं, आणि गटासाठी ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. चाळीस माणसांना घेऊन आयत्या वेळी ढगांपासून पळता येत नाही.

अडचण उन्हाची. सूर्य जवळजवळ डोक्यावर असेल, त्यामुळे भिंतीची सावली मिळत नाही, छत किंवा मांडवच हवा. खग्रासाआधी साधारण दीड तास खंडग्रास चालू असतो, आणि तो सगळा भर दुपारचा. माणशी निदान चार लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, पांढरे सुती कपडे, रुंद काठाची टोपी आणि झोपायला चटई घ्या. चटई गंमत म्हणून सांगत नाही. ८२ अंशांवरच्या सूर्याकडे उभं राहून बघितलं तर दोन मिनिटांत मान आखडते. पाठीवर झोपून बघणं हाच उपाय. छायाचित्रकारांची इथे वेगळी पंचाईत होते. साध्या ट्रायपॉडचं डोकं इतकं वर वळत नाही, दुर्बिणीचं टोक तिकाटण्याच्या पायाला अडतं आणि कॅमेऱ्याचा पडदा जमिनीकडे तोंड करून बसतो. फिरता पडदा किंवा काटकोनी व्ह्यूफाइंडर नसेल तर पुण्यातच एखाद्या दुपारी गच्चीवर कॅमेरा डोक्यावर रोखून सराव करून बघा. मोबाइल या उन्हात तापून बंद पडतात. खग्रासाला दहा मिनिटं उरेपर्यंत ते पांढऱ्या पंचाखाली सावलीत ठेवावेत.

मुंबईहून कैरोला थेट विमान आहे, पुढे लक्झरला तासाभराचं देशांतर्गत विमान. कैरो खग्रासपट्ट्याच्या बाहेर आहे. त्या आठवड्यात देशांतर्गत जागा सर्वांत आधी संपतील, तेव्हा रात्रीची रेल्वे किंवा हुरघाडाहून साधारण चार तासांची बस हा पर्याय आधीच लिहून ठेवा. नाईलवरच्या क्रूझचं आकर्षण मोठं आहे, पण बोट ग्रहणाच्या दुपारी नेमकी कुठे असेल ते लेखी घ्या. अस्वानच्या दिशेने जावं तसा खग्रास झपाट्याने आखूड होतो.

जेद्दा. पुणेकरांसाठी हा सर्वांत जवळचा पर्याय. मुंबईहून थेट विमान, खग्रास सहा मिनिटांच्या आसपास, चांगले रस्ते, भरपूर हॉटेलं. २०२७ मधला हज मे महिन्यातच होऊन गेलेला असेल, त्यामुळे ती गर्दी नाही. उमरा, म्हणजे मक्केची वर्षभर चालणारी यात्रा, मात्र चालूच असते. तरीही आम्ही जेद्दाला लक्झरच्या खाली ठेवतो. लाल समुद्राच्या किनाऱ्यावर हवा इतकी दमट असते की लक्झरच्या कोरड्या ४२ पेक्षा इथले ३८ अंश शरीराला जड जातात. शिवाय धूळ आणि बाष्पामुळे आकाश निळं न राहता दुधाळ होतं. अशा आकाशात तेजोवलयाचा, म्हणजे खग्रासात सूर्याभोवती दिसणाऱ्या प्रभेचा, आतला, ठळक भाग दिसतो, पण दूरवर पसरलेले नाजूक तंतू हरवतात. मक्का खग्रासपट्ट्यात असली तरी मुस्लिमेतरांना तिथे प्रवेश नाही आणि रस्त्यावरच त्यांना वेगळ्या मार्गाने वळवलं जातं. संमिश्र गटाने जागा बदलायचा आराखडा किनाऱ्याच्या रस्त्यानेच करावा. सुट्टी चार दिवसांचीच मिळत असेल तर जेद्दा, नाहीतर लक्झर.

तारिफा आणि कादिझ. साठी ओलांडलेली मंडळी जास्त असलेल्या गटाला २०२७ मध्ये हाच पर्याय सुचवावासा वाटतो. सकाळची वेळ, ३८ अंशांवरचा सूर्य, खुर्चीत बसून आरामात बघता येतो. खग्रास मात्र लक्झरपेक्षा कमी.

इथे ठिकाण निवडतानाच चूक होते. मालागा विमानतळामुळे सोयीचं, म्हणून एजंट तिथलं हॉटेल देतात. पण मालागा पट्ट्याच्या काठाकडे आहे आणि तिथे खग्रास दोन मिनिटांपेक्षा कमी आहे. सेव्हिल तर पट्ट्याबाहेरच. तारिफाला साडेचार मिनिटांच्या वर मिळतात, पण पूर्वेचा लेवान्ते वारा सुटला की जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत खालचे ढग आणि धुकं साचतं. कादिझला खग्रास कमी, पण त्या वाऱ्यात तिथलं आकाश मोकळं राहण्याची शक्यता जास्त. म्हणून मुक्काम दोघांच्या मध्ये, कोनिल किंवा वेहेरच्या बाजूला घ्यावा आणि आदल्या संध्याकाळी वाऱ्याचा अंदाज बघून दिशा ठरवावी. पहाटे पाचला निघा. तारिफाकडे जाणारा एन-३४० हा एकच मोठा रस्ता आहे, तो तुंबला की वाट नाही.

स्पेनसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्याआधी नाही. जुलैअखेर निघायचं तर जानेवारीच्या शेवटी खिडकी उघडते. ३० हजार युरोंचं वैद्यकीय विमासंरक्षण आणि बोटांच्या ठशांसाठी प्रत्येकाची हजेरी लागते. गटातल्या एकाचा अर्ज नाकारला गेला तर उरलेल्यांचं काय, हे पैसे भरण्याआधी ठरवून घ्या.

डब्बो आणि सिडनी. २०२८ चा पट्टा ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडच्या किंबर्लीतून शिरून आग्नेयेला सिडनीवरून बाहेर पडतो. किंबर्लीत कोरडा हंगाम आणि पाच मिनिटांच्या वर खग्रास, पण मुक्कामाच्या सोयी अगदी विरळ. मोठ्या गटाने तिकडे जाऊ नये. सिडनी खुद्द पट्ट्यात आहे, हॉटेलच्या गच्चीवरूनही ग्रहण दिसेल, आणि सूर्य ३० अंशांवर असल्याने बंदर आणि ग्रहण एकाच चौकटीत घेता येतं. किनाऱ्यावरच्या हिवाळी ढगांचा मात्र भरवसा नाही. सिडनीपासून सुमारे ४०० किलोमीटर आत असलेल्या डब्बोची हवा जास्त कोरडी आहे. आम्ही मुक्काम डब्बोच्या बाजूला आणि आधीचे दोन दिवस सिडनीत असा क्रम लावू.

आपल्या माणसांचा हमखास गोंधळ होतो तो दिशेचा: तिथे दुपारचा सूर्य दक्षिणेला नसतो, उत्तरेला असतो. दोनच्या सुमारास तो वायव्येकडे कललेल्या उत्तरेत असेल. त्या बाजूला झाड, डोंगर किंवा इमारत नको. डब्बोत रात्री पारा शून्याजवळ जातो, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी घ्या. भाडं आणि व्हिसा मिळून चारांतला हा सर्वांत महागडा पर्याय होण्याची शक्यता जास्त. पण शनिवार आहे, हवा सोसवणारी आहे आणि तयारीला एक वर्ष जास्त मिळतं. लहान मुलं असलेल्या कुटुंबांना आम्ही २०२८ च सांगू.

देशातच बघू म्हणणाऱ्यांसाठी: २० मार्च २०३४ चा खग्रासपट्टा कारगिलच्या भागावरून जातो. मार्चमध्ये तिथे बर्फ, बंद घाट आणि ढग असतात. त्या भरवशावर २०२७ सोडू नये.

मध्यरेषेचा, म्हणजे खग्रासपट्ट्याच्या मधोमध जाणाऱ्या रेषेचा, हट्ट नको. जाहिरातींमध्ये ‘अगदी मध्यरेषेवर’ हे शब्द मोठ्या अक्षरांत असतात. प्रत्यक्षात मध्यरेषेपासून काठाच्या अर्ध्या अंतरापर्यंत सरकलं तरी खग्रासाचा सुमारे १३ टक्केच वेळ कमी होतो. खरी घसरण काठाजवळ होते. लक्झरकडचा पट्टा सुमारे २५८ किलोमीटर रुंद आहे, म्हणजे ६० किलोमीटर इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. सावली, स्वच्छतागृह आणि बाहेर पडायला दोन रस्ते असलेली जागा मध्यरेषेपेक्षा मोलाची.

याच्या उलट, ‘तिथूनही ९९ टक्के दिसतं’ असं म्हणणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा. पूर्ण सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण चार लाख पट तेजस्वी असतो. उरलेला एक टक्काही हजारो पौर्णिमांएवढा प्रकाश देतो आणि तेजोवलय त्यात बुडून जातं. तेजोवलय, हिऱ्याची अंगठी (खग्रासाच्या अगदी आधी आणि नंतर चमकणारा सूर्याचा ठिपका), दिवसाढवळ्या दिसणारे ग्रह यांतलं काही ९९ टक्क्यांत नाही. एजंटकडून निरीक्षणाच्या जागेचे अक्षांश-रेखांश करारात लिहून घ्या आणि नकाशावर स्वतः तपासा.

गट केवढा? बारा ते वीस. एवढ्यांना दोन छोट्या गाड्या पुरतात, आणि स्पेन किंवा ऑस्ट्रेलियात ढग आले तर तासाभरात हलता येतं. लक्झरला मात्र हलायची वेळ क्वचितच येईल, त्यामुळे चाळिसांचा गटही चालतो, खर्चही वाटला जातो. चष्मे आयएसओ १२३१२-२ मानकाचे, माणशी एक आणि वर दहा टक्के जादा. ओरखडा किंवा भोक असलेला चष्मा फेकून द्या. एक्स-रेची फिल्म आणि काजळी धरलेली काच वापरू देऊ नका. कॅमेरा-दुर्बिणीचा फिल्टर भिंगाच्या पुढे लावायचा, डोळ्याकडच्या बाजूला कधीच नाही. खग्रास सुरू होताच फिल्टर काढायचा आणि हिऱ्याची दुसरी अंगठी चमकताच परत लावायचा, हे मोठ्याने सांगणारा एक माणूस नेमा. त्याने स्वतः फोटो काढायचे नाहीत. नवख्यांचा खग्रास फोटोच्या नादात संपतो. पहिल्यांदा बघणाऱ्यांनी कॅमेरा खोलीतच ठेवावा, असं आम्ही आग्रहाने सांगतो.

गटात वेध पाळणारी मंडळी असतील तर आधीच विचारा, म्हणजे जेवणाच्या वेळा तशा ठरवता येतील. लक्झर-जेद्दाच्या उन्हात पाण्याविना काही तास काढणं मात्र जिवावर बेतू शकतं. मुलं, वृद्ध आणि आजारी यांना वेधांत परंपरेनेच सूट आहे. ती आठवण करून द्या.

निघताना. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टला सहा महिने शिल्लक हवेत. हॉटेल सव्वा ते दीड वर्ष आधी धरा, आणि रद्द करण्याची शेवटची तारीख गटातल्या प्रत्येकाला लेखी कळवा. पॅकेजवर कापला जाणारा टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा कर) प्राप्तिकराच्या विवरणपत्रात समायोजित होतो, त्यासाठी प्रत्येकाचा पॅन पावतीवर असू द्या; सगळ्यांचे पैसे एकाच खात्यातून गेले तर ती कपातही त्याच एका नावावर जमा होते. विमान असं निवडा की ग्रहणाच्या दोन दिवस आधी ठिकाणी पोहोचाल. लक्झरसाठी त्याचा अर्थ शनिवार, ३१ जुलैची संध्याकाळ, म्हणजे पुण्याहून शुक्रवारीच निघायला हवं. जुलैअखेरीला खंडाळ्याच्या घाटात दरड आली की द्रुतगती मार्ग तासन् तास अडतो आणि मुंबईची विमानंही पावसाने रखडतात. रात्री उशिराचं विमान असेल तर दुपारीच पुणं सोडा, किंवा आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करा.